उपटतो तो वेगळा, तुटतो तो वेगळा: येळ्ळूर शिवारातल्या लव्हाळ्याचं प्रकरण

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. भाताच्या ओळींमध्ये उगवलेला हिरव्या पात्यांचा झुबका, खाली दोन बोटं पाणी आणि कोपऱ्यात मामाचा चिखलाने माखलेला अंगठा. सोबत एकच ओळ: "हे तण लई झालंय, काय करू सांग." मी पेपर तपासत बसलो होतो. फोटोवर नजर टाकली आणि लिहून टाकलं, "लव्हाळा आहे. सायपेरस रोटुंडस. याला उभं पाणी सोसत नाही. बांध लिंपून घे आणि पाणी कोंडून ठेव. औषधाला पैसे घालवू नकोस." मामाने जोडलेले हात पाठवले. भाच्याकडून फुकटात सल्ला मिळाला म्हणून तो खूश, मामाचे पैसे वाचवले म्हणून मी खूश.

उत्तर चुकीचं होतं. पूर्ण चुकीचं असतं तर मामाने ते कानाआड केलं असतं. अर्धं बरोबर होतं, म्हणून त्याने त्याच संध्याकाळी फावडं उचललं.

मी बेळगावातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. लव्हाळा ज्या कुलातला, ते मुस्तक कुल म्हणजे सायपेरेसी. जगभरात त्याच्या साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत आणि आमच्या वर्गात त्यांच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो. फुलाला पाकळी नाही, रंग नाही, सगळं भिंगाखाली बघायचं. मुलं कंटाळतात आणि खरं सांगायचं तर मीही कंटाळतो. या प्रकरणाआधी मी शेतात वाकून लव्हाळ्याचं खोड शेवटचं कधी कापलं होतं, ते मला आठवत नाही.

तीन पायऱ्यांचं शेत

मामाची जमीन येळ्ळूर आणि वडगाव यांच्या मधल्या शिवारात, बळ्ळारी नाल्याच्या अंगाला आहे. मागे राजहंसगड दिसतो. एकूण चौतीस गुंठे, उतारावर तीन पायऱ्यांत विभागलेले. आमच्या जिल्ह्यात पावसाचं गणित तासाभराच्या प्रवासात बदलतं. कणकुंबी-जांबोटीकडे तो दिवसदिवस धरून असतो आणि अथणी-रायबागकडे ढग नुसते फिरून जातात. येळ्ळूर या दोन्हींच्या मध्ये येतं. माती काळी, पाणी धरून ठेवणारी. पावसाळ्यात भात आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. मसुरीला वेगळं पाणी लागत नाही, इतकी ओल इथली जमीन पोटात ठेवते.

वरची पायरी रस्त्याला लागून आहे. दोन वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामातली तांबडी माती फुकट मिळत होती, ती मामाने तिथे पसरून घेतली. आता तिथे पाणी थांबत नाही, म्हणून तो धूळवाफ पेरणी करतो, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतच भात पेरून मोकळा होतो. मधल्या पायरीत रोप लावणी. तिथलं पाणी येतं, चार दिवस राहतं, पाऊस उघडला की सुकतं. खालची पायरी नाल्याच्या काठावर. नाल्यात गाळ आणि जलपर्णी दाटलेली, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की पाणी पुढे सरकायच्या ऐवजी शेतात फुगतं. ते नुसतं पावसाचं पाणी नसतं. शहराकडून येणारं सांडपाणीही त्यात असतं. वास येतो, पण भात मात्र हिरवागार दिसतो.

मे महिन्यात मी गेलो होतो तेव्हा वरच्या पायरीत अस्सल लव्हाळा पाहिला होता, तांबड्या मातीबरोबर आलेला. जुलैचा फोटो पाहताना डोक्यात तोच बसला होता. फोटो खालच्या पायरीतला आहे हे मी विचारलं नाही आणि मामाने सांगितलं नाही. सांगायचं कारणही नव्हतं. त्याच्या लेखी तिन्ही पायऱ्यांत उगवलेलं ते सगळं लव्हाळाच.

नागपंचमीनंतरची भेट

पंचमी झाल्यावर मी शेतावर पोचलो, तेव्हा मामा बांधावर हाताची घडी घालून उभा होता. "ये मास्तर. तूच सांगितलंस नव्हं, पाणी कोंड म्हणून? आता बघ."

खालच्या पायरीत भाताच्या ओळी शोधाव्या लागत होत्या. मधली सगळी जागा मऊ, फिकट हिरव्या खोडांनी भरलेली आणि प्रत्येक खोडाच्या टोकाला बारीक कणिशकांचे गोल गोंडे. काही गोंडे हिरवे होते, काही तपकिरी व्हायला लागले होते. तपकिरी म्हणजे बी तयार. मी पाणी कोंडायला सांगितलं, मामाने चोख कोंडलं, वर युरियाही टाकला, आणि या पाहुण्याला हवं होतं ते सगळं आयतं मिळालं.

मी फुलोऱ्याकडे बघत नाव आठवत होतो. मामी दोन बायकांबरोबर कडेने भांगलत होती. ती न वाकताच बोलली, "काय बघुलास रे एवढं? हा ओढला की मुळासकट येतोय. वरच्या शेतातला ओढला की तुटतोय. दोन्ही एकच कसं असतील?"

भिंग खिशातच राहिलं. भांगलणाऱ्या बाईच्या हाताला ही ओळख कित्येक वर्षांची असते. तिला कोणी विचारत नाही, आणि फोटो पाठवतो तो मामा. तिच्याबरोबरची एक बाई कानडी बोलणारी होती. ती दोन्हींना 'जेकू' म्हणत होती, पण वरच्याला 'गड्डे जेकू' असं जोडून. म्हणजे भाषा कुठलीही असो, हाताला लागलेला फरक तिथे शब्दात उतरलेला होता. आमच्या मराठीत मात्र सगळ्यांना मिळून एकच लव्हाळा.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. प्रत्येक पायरीतून तणाचं एक एक झाड मुळासकट काढून बांधावर ओळीने मांडलं.

बांधावर मांडलेली झाडं

आधी, हे गवत नाही हे कळतं कसं? भाताचं किंवा कुठल्याही गवताचं खोड बोटांत फिरवलं तर गोल लागतं, त्याला पेरं असतात आणि दोन पेरांमध्ये ते बहुधा पोकळ असतं. लव्हाळ्याच्या कुलात खोड बहुतेक वेळा तीन धारांचं, आतून भरीव, आणि फुलोऱ्यापर्यंत मध्ये पेर नाही. पानं गवतात दोन रांगांत निघतात, इथे तीन रांगांत. वरून सरळ खाली पाहिलं तर तीन दिशांना फाकलेली पानं स्पष्ट दिसतात. खोडाला धरून असलेला पानाचा भाग गवतात एका बाजूने उघडा असतो, इथे नळीसारखा बंद. रोप लहान असताना फुलोरा नसतो, तेव्हा याच खुणांवर काम भागवावं लागतं. माझ्याकडे आलेल्या फोटोत यातली एकही खूण दिसत नव्हती, तरी मी नाव सांगितलं.

वरच्या पायरीतला खरा लव्हाळा, सायपेरस रोटुंडस. आपल्या दुकानात नागरमोथा म्हणून मिळतो तो याच गटातला, आणि दिवाळीच्या उटण्याला जो मातकट-गोड वास असतो त्यात याचा वाटा मोठा. पानं गडद हिरवी, चकचकीत, फुलोरा तांबूस-जांभळट. मी तो ओढला तर मामी म्हणाली तसा मानेशी तुटला. मग खुरप्याने हळूहळू माती बाजूला करत गेलो. मानेखाली एक फुगीर गाठ होती. तिच्यातून काळसर दोऱ्यासारखं मूळक्षोड, म्हणजे जमिनीखालचं खोड, आडवं निघालं, बोटभर अंतरावर दुसरा गड्डा, तिथून पुन्हा दोरा, पुन्हा गड्डा. एक दोरा सरळ खाली वळला होता. हातभर लांबीची माळ मी बांधावर ठेवली. तिच्यावर नऊ गड्डे होते आणि त्यातला एकच उगवून वर आला होता.

बाकीचे आठ झोपलेले का? माळ अखंड असते तोवर उगवलेला गड्डा मागच्यांना दाबून ठेवतो. माळ तुटली की प्रत्येक गड्डा सुटा होतो आणि सुटा झाला की उगवतो. मामाने पेरणीआधी वरच्या पायरीत रोटाव्हेटर फिरवला होता, माती छान भुसभुशीत झाली म्हणून खूशही होता. रोटाव्हेटरच्या पात्यांनी माळेचे तुकडे केले, आणि जितके तुकडे तितके नवे लव्हाळे. याला बी येतं, पण त्यावर तो फारसा अवलंबून नसतो. त्याचा सगळा संसार मातीच्या वरच्या वीतभर थरात, गड्ड्यांत साठवलेला. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात तो नवे गड्डे धरायला लागतो, म्हणून "पुढच्या पंधरवड्यात भांगलू" म्हणणारा दर वेळी हरतो. १९७७ मध्ये जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची मोजदाद झाली, तेव्हा याचं नाव ९२ देश आणि ५२ पिकांत नोंदवलेलं होतं आणि यादीत ते पहिलं होतं.

सतत उभ्या पाण्यात हा दमतो, हे माझं विधान साधारणपणे खरंच आहे. चिखलात गड्ड्याला हवा पुरत नाही. तरी तेही डोळे मिटून सांगू नये. फिलिपिन्समध्ये भात आणि कांदा यांची फेरपालट वर्षानुवर्षं केलेल्या शेतांत याचाच एक पाणथळ अवतार तयार झालेला आहे. त्याचे गड्डे मोठे असतात आणि त्या साठ्यावर तो पाण्यातून मान वर काढतो. आपल्याकडे भातावर मसूर घेतो, कांदा नाही, पण ओल्या-कोरड्या जमिनीची आलटापालट तीच आहे.

खालच्या पायरीतलं झाड सायपेरस डिफॉर्मिस. लिनियसने याचं वर्णन १७५६ मध्ये केलं. रोटुंडसला त्याने तीन वर्षं आधीच नाव दिलेलं होतं. खोड तिधारीच, पण मऊ. चिमटीत धरलं की चेपतं. मुळं तंतुमय, केसांच्या झुबक्यासारखी, गड्ड्याचा मागमूस नाही. ओढलं की पुचकन चिखलातून सुटतं. याचा सगळा भरवसा बियांवर. बी इतकं बारीक की तळहातावर घेतलं तर घामाला चिकटून बसतं, आणि एका झाडाला अशी हजारो. उगवणीपासून बी पडेपर्यंतचा प्रवास महिना-सव्वा महिन्यात संपतो, म्हणजे भात फुटव्यावर असतानाच याची एक पिढी पुरी झालेली असते. पाणी साचलेला, खत भरपूर असलेला, ऊन पोचणारा चिखल ही याची आवडती जागा. मामाची खालची पायरी म्हणजे नेमकी तीच.

मधल्या पायरीत डिफॉर्मिस थोडा होता, पण जोर सायपेरस इरियाचा आणि फिंब्रिस्टायलिसचा. इरिया ओळखायला सोपा: मुळं पिवळसर-तांबडी, आणि फुलोरा गोंड्यासारखा न होता छत्रीच्या काड्यांसारखा पसरलेला, पिवळसर. फिंब्रिस्टायलिसची पानं बुंध्याशी पंख्यासारखी चपटी बसलेली असतात. पाणी येणं-जाणं ज्या जमिनीत असतं तिथे ही जोडी सुखात असते.

इरियाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी मामाच्या भाताला तिचा उपयोग शून्य आहे. कीटकांच्या अंगात एक संप्रेरक असतं जे अळीला अळीच ठेवतं, प्रौढ होऊ देत नाही. ते नेमकं संप्रेरक, जुवेनाइल हार्मोन तीन, १९८८ मध्ये या इरियामध्ये सापडलं. याची पानं खाऊन वाढलेल्या टोळांची वाढ आणि प्रजनन बिघडतं. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे याला कीडसुद्धा खात नाही. आम्हीच तेवढं खुरपत बसायचं."

आणखी एक फरक मुळाशी आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही. रोटुंडस आणि इरिया सूर्यप्रकाश वापरतात तो ऊस-मक्याच्या पद्धतीने, म्हणजे कडक उन्हात आणि कमी पाण्यात सरस ठरणाऱ्या रीतीने. डिफॉर्मिसची पद्धत भाताचीच. म्हणून भाताला जे मानवतं ते यालाही मानवतं, आणि भाताच्या सोयीसाठी केलेली प्रत्येक गोष्ट त्याच्याही पथ्यावर पडते.

नाल्याच्या काठावरून मी चौथं झाड आणलं. त्याने सगळा नियम मोडला. खोड गोल, तिधारी नाही. बोटांतून ओढत नेलं तर थोड्या थोड्या अंतरावर आडव्या पडद्यांच्या गाठी लागतात. फुलोरा टोकाला नसून खोडाच्या मध्येच, बाजूने फुटल्यासारखा दिसतो. खरं तर फुलोऱ्याखालचं छद, म्हणजे पानासारखा भाग, लांब वाढून खोडाचीच नक्कल करत उभं राहतं, म्हणून तसं वाटतं. हे स्किनोप्लेक्टिएला आर्टिक्युलेटा. तळ्याच्या, नाल्याच्या कडेला, पाय कायम पाण्यात असणारं. मामाच्या मुलीने ते पाण्याखाली धरून दाबलं तर बुडबुड्यांची माळ वर आली. खोडात हवेच्या कप्प्यांचा स्पंज असतो, वरून घेतलेली हवा तो चिखलातल्या मुळांपर्यंत नेतो. पाणथळीत राहण्याची या कुलाची खरी करामत ही. पुरात मोठी झाडं वाहून जातात आणि लव्हाळा राहतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. लवचिक खोड आणि चिखलात विणलेली मुळं, यांच्या जोडीला हा हवेचा साठाही त्याला तारत असला पाहिजे.

एकाला वाळवायचं, दुसऱ्याला उगवू द्यायचं

चारही झाडं बांधावर ओळीने ठेवल्यावर मामा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे औषध एकच चालणार नाही." त्याच्या डोक्यात औषधच होतं. दुकानदाराने आधीच एक डबा पुढे केला होता, 'लव्हाळ्यावर रामबाण' म्हणून. तो डबा उसातल्या लव्हाळ्यासाठीचा होता; मी त्यावरची चिठ्ठी वाचून दाखवली. तणनाशकाला माझा विरोध नाही, भातासाठी वेगळी आहेत आणि ती वेळेवर, म्हणजे तण दोन-चार पानांवर असताना मारली तर काम करतात. पण आमची वेळ टळून गेली होती. गोंडे तपकिरी झाल्यावर फवारा म्हणजे निव्वळ मनाचं समाधान. शिवाय भातातल्या लव्हाळ्यावरची बरीच औषधं झाडातल्या एकाच विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतात. सलग तीच वापरल्यावर न मरणारा डिफॉर्मिस कॅलिफोर्नियात १९९३ मध्ये आणि पाठोपाठ ऑस्ट्रेलियात नोंदवला गेला. बियांवर जगणाऱ्या आणि वर्षात दोन-तीन पिढ्या काढणाऱ्या तणाला औषध पचवायला शिकणं अवघड नसतं.

त्या हंगामात करण्यासारखं एकच उरलं होतं, हाताने उपटणं. तीन दिवस पाच बायका लागल्या. मी एक दिवस गेलो आणि दुपारी कमरेने संप पुकारला. मामीने एक गोष्ट पक्की केली: उपटलेलं बांधावर टाकायचं नाही. तपकिरी गोंड्यांचे भारे पोत्यात भरून वर रस्त्याकडेला नेऊन वाळवले आणि जाळले. बांधावर टाकले असते तर पुढच्या पावसात सगळं बी पुन्हा शेतात उतरलं असतं.

खरं काम उन्हाळ्यात झालं, आणि दोन पायऱ्यांत ते एकमेकांच्या बरोबर उलट होतं.

वरच्या पायरीत गड्डे वाळवायचे होते. रोटाव्हेटर बंद, साधा नांगर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खोल नांगरट केली आणि ढेकळं तशीच उताणी टाकली. गड्ड्यातली ओल ठराविक पातळीच्या खाली गेली की तो मरतो; एप्रिलचं ऊन चार-आठ दिवस नीट लागलं तर पृष्ठभागावरचे बरेच संपतात. कागदावर सोपं आहे. पण बेळगावात एप्रिल-मे म्हणजे वळीव. दुपारी तापलं की संध्याकाळी खानापूरकडून काळं भरून येतं आणि अर्ध्या तासात शेत चिंब. पहिली नांगरट झाल्यावर नवव्या दिवशी वळीव पडला आणि मेल्यासारखे दिसणारे गड्डे पुन्हा टवटवीत झाले. मामा चिडला, माझ्यावर. मग वाफसा येताच पुन्हा उलटी नांगरट. उगवायला लागलेला गड्डा या वेळी जास्त लवकर मेला, कारण त्याने साठा खर्च केलेला होता. दुसऱ्या वळिवानंतर तिसरी नांगरट. मामीने त्यातून दोन घमेली गड्डे वेचून उन्हात पसरले. मामा विचारत होता, टाकून का देत नाहीस? ती म्हणाली, "उटण्याला ठेवतो थोडे, मग टाकतो." आमच्याकडे बायका 'ठेवतो-टाकतो' असंच बोलतात, पुण्याचा पाहुणा हसतो, आम्हाला त्यात काही वाटत नाही.

खालच्या पायरीत वाळवून काही साधणार नव्हतं, तिथे गड्डेच नाहीत. तिथे बियांना उगवायला लावायचं आणि मग गाडायचं. या बारीक बियांना उगवण्यासाठी उजेड लागतो. सेंटीमीटरभर मातीखाली गेलेलं बी सहसा वर येत नाही. म्हणून जूनच्या सुरुवातीला पाणी भरून पहिली चिखलणी केली आणि रोप न लावता तसंच सोडलं. पाणी अगदी पातळ ठेवलं. शेजारचे विचारत होते, तरवा तयार असून लावणी का नाही? बारा दिवसांत चिखलावर हिरवी मखमल उगवली. मामाला ती बघून धडकी भरली, मला मात्र बरं वाटलं. मग दुसरी चिखलणी, मखमल गाडली, दुसऱ्या दिवशी लावणी. रोपं थोडी जून आणि उंच घेतली, त्यामुळे लावणीनंतर लगेच जास्त पाणी उभं ठेवता आलं. मागच्या वर्षीचं दोन बोटं पाणी तणाला पोसत होतं. या वर्षी सुरुवातीचे पंधरा दिवस चांगलं वीतभर ठेवलं, जेणेकरून उरलेलं बी खोल पाण्याखाली अंधारात राहील. पाणी कोंडणं दोन्ही वर्षी होतं. फरक पडला तो खोलीने आणि वेळेने.

मधल्या पायरीकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही, आणि तिथे इरिया मागच्या वर्षीसारखाच आला. विसाव्या दिवशी एक भांगलण, बस्स.

काठावरचा पट्टा

एका बाबतीत मामाचं आणि माझं जमलं नाही. नाल्याकाठचा लव्हाळ्याचा आणि पाणकणसाचा पट्टा त्याला जेसीबी लावून साफ करायचा होता. म्हणाला, सगळं बी तिथूनच येतं. मी म्हणालो, गोल खोडाचा तो तुझ्या भातात येत नाही, त्याला कायम पाण्यात पाय हवेत. आणि काठाची माती त्याच्या मुळांनी विणलेली आहे, ती काढलीस तर पुराच्या पाण्याबरोबर तुझा बांध जाईल. शिवाय तिथे पाणकोंबड्या आहेत, पहाटे त्यांचा गलबला चालतो. मामाला पाणकोंबड्यांचं कौतुक नाही, त्या रोपं तुडवतात म्हणून. त्याची तक्रार खोटी नाही. शेवटी अर्धा पट्टा काढला, अर्धा राहिला. पहिल्या मोठ्या पावसात काढलेल्या बाजूचा बांध हातभर खचला. मी काही बोललो नाही. मामीने बोलायचं ते बोलून घेतलं.

दुसरा जुलै

खालच्या पायरीत भाताच्या ओळी या वेळी लांबून मोजता येत होत्या. डिफॉर्मिस गेलेला नव्हता, कोपऱ्याकोपऱ्यात होता, पण दोन बायकांनी एका सकाळीत उपटण्याइतकाच. नाल्याचं पाणी दर पावसात नवं बी आणतं, त्यामुळे तो कायमचा जाईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. वरच्या पायरीत लव्हाळा निम्म्याच्याही खाली आला असेल. गड्डे वीतभर खोलवर अजून आहेत आणि पुढच्या उन्हाळ्यातही नांगरट करावी लागणार.

मागच्या आठवड्यात मामाचा पुन्हा फोटो आला. या वेळी मधल्या पायरीतला, आणि त्याने तसं लिहिलंही होतं. एका रोपाचं गोल वाटणारं खोड, बाजूने फुटलेला फुलोरा. काठावरच्या चौथ्यासारखं. ते खरोखर तेच असेल तर मधल्या पायरीत आता पाणी येऊन जात नाही, राहतंय. म्हणजे नाला आणखी तुंबलाय, नाहीतर जेसीबीने काठ कापला तिथून पाझर लागलाय.

मी लिहिलं, "मुळासकट काढून पाठव."

पाच मिनिटांनी मामीच्या तळहाताचा फोटो आला. मुळं चिखलात बरबटलेली होती, काहीच दिसत नव्हतं. मी पेपर बाजूला ठेवले आणि गाडी काढली.